बाप देऊन टाकलेला माणूस

उल्हासराव झांबरे रोज संध्याकाळी चालायला जातात, हे सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या त्या ब्लॉकमधल्या सगळ्या मराठी घरांना माहीत होतं. चालत चालत ते कुठे जाऊन बसतात, हेही माहीत होतं. फक्त नीतावहिनींना ते माहीत नाही असं धरून चालायचं, एवढी माणुसकी लोकांनी पाळली होती. वहिनींना अर्थातच सगळ्यांच्या आधी कळलेलं. चालून आलेल्या माणसाला घामाचा वास येतो, तळलेल्या शेंगदाण्यांचा येत नाही. पण घरी बसून नवरा टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडणार, त्यापेक्षा गेलेला बरा, असा विचार करून त्यांनी चालण्याच्या बुटांची नवी जोडीच घेऊन दिली.

मलेशियाची गाडी पूर्वी ज्या लाइनीवरून सिंगापुरात यायची, ती लाइन उचलून बरीच वर्षं झाली. तिथे आता हिरवी पायवाट आहे. लोक तिथे कुत्री आणि गुडघे फिरवायला आणतात. त्या वाटेच्या कडेला, जुन्या फाटकाच्या जागेपाशी, सिवनेसन ऊर्फ सिवाचा पब होता. पाटीवर नाव होतं ‘गेट हाउस’, पण बसणारे सगळे त्याला कांपोंग पब म्हणत. कांपोंग म्हणजे गाव. गाव केव्हाच उठलं, त्याच्या जागी उंच इमारती आल्या, आणि गावाचा पब तेवढा मागे राहिला. बाकं म्हणून रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर, कोपऱ्यात सिग्नलचा मोडका हात, आणि बारच्या वर दोर बांधलेली फाटकाची घंटा.

तिथे एक रीत होती. गाडी धावायची त्या काळात संध्याकाळची मेल गेली की धूळ उडून थेट बिअरमध्ये पडायची. म्हणून फाटक पडताना सिवा घंटा मारायचा आणि सगळे आपापल्या ग्लासवर तळहात ठेवायचे. गाडी गेली, रूळ गेले, धूळही गेली, पण रीत राहिली. अजूनही त्या सुमाराला सिवा दोर ओढायचा आणि चिनी अंकल, मलय टॅक्सीवाले, एखादा वाट चुकलेला गोरा, सगळे गपगुमान ग्लास झाकायचे. मग सिवाची नजर ज्याच्यावर जाईल त्याने आगगाडीची एक गोष्ट सांगायची. उल्हासराव लिंबाचं सरबत प्यायचे. तरी हात ठेवायचे.

गोष्ट सांगायची म्हटल्यावर उल्हासरावांना कोण धरणार? शिपिंग कंपनीत जन्मभर आकडे जुळवलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर खरं बोलणं जवळजवळ विसरलाच होता. पुण्याहून नव्याने आलेल्या एका आयटीवाल्याला त्यांनी सांगितलं होतं, की आपल्या एलआरटीला, म्हणजे इथल्या छोट्या लोकलला, ड्रायव्हर नसतो, तेव्हा पहिल्या डब्यात जो बसेल त्याने वळणावर हात दाखवायचा असतो. तो बिचारा आठवडाभर हात दाखवत ऑफिसला गेला. सवय तशी जुनीच. स्वतःची लेक इरा लहान असताना तिने विचारलं होतं, बाबा तुझ्या मनगटावर हा डाग कसला? तर म्हणाले, वाघ चावला. पोरगी शाळेत सांगून आली.

फक्त एका बाबतीत ते थाप मारत नसत. गप्प बसत.

त्यांचे वडील रेल्वेत होते. भुसावळच्या पुढे, आडरानातल्या एका फाटकावर, गेटमन. झोपडीएवढं क्वार्टर, शेजारी लिंब, हातात लाल-हिरव्या काचेचा दिवा. सिंगापुरात आल्यावर पहिल्याच गणपतीला मंडळात कुणीतरी नीतावहिनींना विचारलं, सासरे काय करायचे? वहिनी पुण्याच्या, समोर सगळ्या बँकवाल्यांच्या बायका. त्यांच्या तोंडून निघून गेलं, रेल्वेत ऑफिसर होते. निघालं ते परत घेतलं गेलं नाही. उल्हासरावांनीही घेतलं नाही. पुढे दर गणपतीला कैलासवासी झांबऱ्यांना बढती मिळत गेली, आणि इरा शाळेत जायला लागेपर्यंत ते क्लास वन होऊन बसले होते.

वडील गेले तेव्हा इरा रांगत होती. तो दिवा थोरल्या बहिणीकडे राहिला. तिने घर विकलं तेव्हा उल्हासरावांच्या हाती दिला, आणि वर्षभरात तीही गेली. दिवा सिंगापुरात आला. वहिनींनी तो फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे इथे घरोघरी अडगळीसाठी वापरतात त्या जाड भिंतींच्या खोलीत, गणपतीच्या थर्माकोलमागे ठेवला. “लोक येतात हो घरी,” एवढंच म्हणाल्या. उल्हासरावांनी दार लावून घेतलं.

आणि त्याच सुमाराला एका संध्याकाळी घंटा झाली, ग्लास झाकले गेले, आणि कुणीतरी सिवालाच म्हणालं, आज तू सांग. तुझा बाप इथलाच गेटकीपर ना?

सिवा फडक्याने बार पुसत राहिला. “माझ्याकडे गोष्ट नाही,” तो म्हणाला. “मी एवढासा असताना त्याची बदली झाली, वर मलेशियात. परत आलाच नाही. तिकडे दुसरं घर केलं म्हणतात. आई त्याचं नाव घेऊ द्यायची नाही. शर्टाचं बटणसुद्धा नाही ठेवून गेला, लाह,” तो तिथल्या लकबीत म्हणाला.

उल्हासराव त्या रात्री खरोखरच चालत घरी गेले, आणि लांबच्या वाटेने. इथे एक माणूस बाप नसताना उघड सांगत होता की माझा बाप फाटकवाला. आणि आपण बाप असून त्याला थर्माकोलमागे ठेवला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दिवा पिशवीत घातला आणि पबमध्ये नेला. सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात मिळाला, म्हणाले. विकणारा म्हातारा रेल्वेतला होता, बुकित पंजांगच्या फाटकावरच्या गेटकीपरचा दिवा आहे म्हणत होता. तुझ्या वडिलांचा तर नसेल?

सिवाने दिवा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग काचेला गाल लावून तो इतका वेळ उभा राहिला, की बिअर मागणाऱ्यांनी बिअर मागायचं सोडून दिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण सिवा दुसऱ्या दिवशी विचारू लागला, तो म्हातारा आणखी काय म्हणाला? आता म्हातारा असता तर काही म्हणाला असता. मग उल्हासराव दर थोड्या दिवसांनी त्याला ‘भेटून’ यायला लागले, आणि येताना एकेक गोष्ट आणायला लागले. गोष्टी सगळ्या त्यांच्या बापाच्या. फक्त भुसावळच्या लिंबाचं रंबुतान झालं, बैलगाडीची डुरियनची लॉरी झाली, आणि फाटकात अडकलेल्या लग्नाच्या वरातीत ताशाच्या जागी मलय ढोल आले. इंजिनच्या धापेवरून ड्रायव्हर ओळखणारा गेटकीपर. ड्रायव्हरने चुलीसाठी फेकलेला कोळसा झेलून त्याला सलाम ठोकणारा गेटकीपर. उल्हासरावांनी पहिल्यांदा बापाबद्दल तोंड भरून बोलायला सुरुवात केली, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर. घरी येताना ते गुणगुणत यायचे. वहिनींना वाटायचं, सरबतात काहीतरी घालतात.

गोष्टी संपल्या तेव्हा त्यांनी म्हाताऱ्याला मारून टाकलं. सिवाला इतकं वाईट वाटलं, की त्याने त्या नसलेल्या माणसासाठी सगळ्यांना एकेक ग्लास पाजला. उल्हासरावांनीही त्या दिवशी खरी बिअर घेतली. दिवा बारच्या वर, घंटेच्या शेजारी राहिला. अशी वर्षं गेली.

मग इरा त्यात शिरली. ती कामाला पाया लेबारला, पण शनिवारी-रविवारी त्या हिरव्या वाटेवर लोकांना जुन्या रेल्वेची माहिती सांगत फिरवणाऱ्या गटात जायची. पबची लीज संपत आल्याचं कळल्यावर, बंद व्हायच्या आधी सिवाच्या आठवणी घेऊन ठेवाव्यात म्हणून ती त्याच्याशी बोलायला जाऊ लागली. आणि एका रात्री जेवताना तिने सुरू केलं.

“बाबा, सिवा अंकलच्या वडिलांनी एकदा अख्खी मेल थांबवली होती. तुला माहितीय? एका बकरीसाठी.”

उल्हासरावांचा घास हातातच राहिला.

“रुळांवरच तिला पिल्लू होत होतं. एका विधवा बाईची एवढी एकच बकरी. आणि गाडी येत होती. तर त्यांनी लाल दिवा दाखवून मेल थांबवली. नंतर साहेबाने पगार कापला, पण पिल्लू जगलं. आणि दिवा कोणी धरला होता सांग. सिवा अंकलने. वडिलांचे दोन्ही हात बकरीत, म्हणून त्याने धरला. आधी त्याला आठवत नव्हतं, पण आता सगळं आठवतं म्हणाला. दिव्याचा चटका बसला तोसुद्धा.” तिने आमटी वाढून घेतली. “मला ना असा आजोबा हवा होता. आमचे काय, ऑफिसर. फाइलवर सही केली, संपलं.”

उल्हासराव म्हणाले, “इरा, तो मुलगा मी होतो.”

इरा हसली. हसणारच. “हां, आणि बकरी आई होती.”

“चेष्टा करत नाहीये. ते माझे वडील. तुझे आजोबा. तो दिवा आपला आहे. हा बघ चटका,” म्हणून त्यांनी मनगट पुढे केलं.

“तो तर वाघ चावलेला ना?”

“इरा, ऐक.”

त्यांचा आवाज ऐकून तिचं हसू उतरलं, पण विश्वास काही चढला नाही. “बाबा, नॉट फनी. त्या माणसाकडे वडिलांचं तेवढंच आहे. त्याच्यातही तुला तुझा जोक घुसवायचाय? आई, सांग ना त्याला.”

आता नीतावहिनींनी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण इराचं नीलशी ठरत आलं होतं. नीलचे आईवडील रविवारी हौगांगहून जेवायला यायचे होते, आणि त्यांना सगळं खानदान आधीच फोनवर सांगून झालं होतं, क्लास वनसकट. वहिनींनी भाताची वाढणी उचलली. “तुझ्या बाबांची सवय माहीत नाही का तुला? घे, भात घे.”

नंतर ओट्यापाशी त्या कोरडं झालेलं ताट पुन्हा पुन्हा पुसत उभ्या होत्या.

“तू फक्त हो म्हणायचं होतंस,” उल्हासराव म्हणाले.

“इतकी वर्षं सांगत आलो. आता रविवारच्या तोंडावर कुठून बदलू?” मग ताट उलटं करत म्हणाल्या, “मला आवडायचे हो ते. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिकडे गेले, तेव्हा फाटक उघडून मला सलाम केला होता त्यांनी. सुनेला. आणि मला लाज वाटली, बरोबर माझी मामेबहीण होती म्हणून.” ताट त्यांनी जागेवर ठेवलं. “ते विचित्रच झालं सगळं.”

रविवार पार पडला. श्रीखंड चांगलं झालं होतं म्हणे. पण उल्हासरावांच्या डोक्यातून बकरी जाईना. लोकांना काय वाटायचं ते वाटो, मंडळाला वाटो, व्याह्यांना वाटो. पण पोरीला हवा असलेला आजोबा तिचाच होता, आणि ती तो दुसऱ्याच्या दारात उभी राहून मागत होती. हे त्यांना सहन होईना. आणि त्यांच्याकडे पुरावा होता.

ते पहिली-दुसरीत असताना वडिलांनी त्यांना खिळा दिला होता आणि म्हणाले होते, मला लिहिता येत नाही, तू लिही, म्हणजे कुणी उचलला तर कळेल कुणाचा. वडिलांचं नाव लिहायचं सोडून पोराने स्वतःचंच लिहिलं, कारण तेवढंच नीट येत होतं. दिव्याच्या बुडाला, वेड्यावाकड्या अक्षरांत, उल्हास. सिवाला देण्याआधी त्यांनी त्यावर हिरव्या फेल्टचा गोल तुकडा चिकटवून टाकला होता, बारवर ओरखडे पडू नयेत असं सांगून. तो सोलायचा, एवढंच काम. इराने शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी घेतली होती. तिला ते वाचता आलं असतं.

पबच्या शेवटच्या दिवशी दुपारपासूनच सामान बांधणं चाललं होतं. बाकं कुणी कुणी घेऊन गेलं होतं, घंटेचा दोर कापला होता. इरा खोक्यांना टेप लावत होती. उल्हासराव गेले तर सिवा म्हणाला, “बॉस, आलास बरं झालं. दिवा तूच पॅक कर. आणलास तू, बांधून पण तूच दे.”

उल्हासरावांनी दिवा मांडीवर घेतला. इरा बबल रॅप घेऊन शेजारी टेकली. जेवणाच्या टेबलावर झाल्यापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. फेल्टची एक कड सुटलीच होती. त्यांनी अंगठा तिच्याखाली घातला.

“अंकल, मलेशियात इपोला लेकीकडे जाताय ना?” इराने विचारलं.

“लेकीकडे, हो. पण आधी दुसरीकडे.” सिवा उलट्या क्रेटवर बसला. “तिकडे माझा भाऊ आहे. बापाच्या त्या दुसऱ्या घरातला. लेकीनेच शोधून काढला. त्याचा फोन आला. म्हणाला, बाबाचे फोटो आहेत, या बघायला. बकरी आठवते, दिवा आठवतो, पण बापाचा चेहरा पाहिलेला आठवत नाही, कळलं? आणि मी पहिल्यांदा हो नाही म्हटलं. मला वाटलं, त्याच्याकडे सगळं असणार. फोटो, थडगं, सगळं. मी काय घेऊन जाऊ, मोकळे हात?” त्याने दिव्याकडे हनुवटी केली. “मग म्हटलं, आपल्याकडे दिवा आहे. त्याला बकरीची गोष्ट माहीत नसणार. मी सांगीन. पन्नास वर्षं त्या माणसाला शिव्या दिल्या मी. तुझ्या बाबाने हा आणला आणि माझ्या शिव्या संपल्या.”

इरा बापाकडे बघत होती. रागाने नव्हे. आता तुला कळलं ना, असं.

“खाली काय आहे त्याच्या?” तिने विचारलं. “फेल्ट निघालंय.”

उल्हासरावांनी कड दाबून धरली. “गंज,” ते म्हणाले. “टेप दे.”

तिने टेप दिली. त्यांनी बुडाला आडवी लावली, मग उभी लावली, मग आणखी एकदा गोल फिरवली. सिवा हसून म्हणाला, एवढी टेप लावलीस तर कस्टमवाले उघडायला लावतील. उल्हासराव म्हणाले, उघडू दे. मग त्यावर बबल रॅप गुंडाळला, लहान मुलाला टॉवेलात घेतात तसा, आणि लॉरीत पुढच्या सीटवर नेऊन ठेवला. सिवाने त्यांना मिठी मारली. उल्हासरावांची उंची कमी. त्यांचं तोंड सिवाच्या शर्टात गेलं आणि जरा वेळ तिथेच राहिलं. लॉरीवाल्याने इंजिन चालू केलं, तेव्हा कुठे दोघे सुटले.

बाप-लेक एलआरटीने घरी निघाले. डब्यात गर्दी नव्हती. इमारतींच्या अगदी जवळून जाताना या गाडीच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात, लोकांच्या खोल्या दिसू नयेत म्हणून. तशा त्या झाल्या.

“सॉरी, बाबा,” इरा म्हणाली. “त्या दिवशी मी जास्त बोलले.”

“छे. बरोबर बोललीस.”

“आपल्या आजोबांचं पण सांग ना काहीतरी. एक तरी. म्हणजे मी कधी विचारलंच नाही.”

उल्हासरावांनी शोधायला घेतलं. मेल, कोळसा, वरात, सलाम. एकेक गोष्ट काढून पाहिली आणि एकेक परत ठेवली, कारण ती लॉरीत बसून पुढे गेलेली होती. काहीतरी असेल म्हणून ते मनातल्या मनात त्या क्वार्टरमध्ये शिरले, चुलीपाशी गेले, खाटेखाली वाकून पाहिलं. लेक वाट बघत होती. काचा पुन्हा साफ झाल्या.

“चहा बशीत ओतून प्यायचे,” ते शेवटी म्हणाले.

इरा आणखी काही येईल म्हणून थांबली. मग तिने त्यांच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

“ते सगळ्यांचेच आजोबा पितात, बाबा.”

“हो,” उल्हासराव म्हणाले. “सगळ्यांचेच.”